आमचे समुद्रगमन

बेळगावच्या माणसाला गोव्याला जायचे असले म्हणजे तो पहाटे उठून चोर्ला घाटाची वाट धरतो, दुपारी मासळीचे जेवण जेवतो आणि मनात आणले तर दिवेलागणीनंतर घरी परत येऊन आपल्या अंथरुणावर झोपतो. अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आतबाहेरचे. अशा या गोव्याला जाण्यासाठी आम्ही २०२४ सालच्या नाताळच्या सुटीत रात्रभर आगगाडीने नेमक्या उलट दिशेला, पाचशे किलोमीटरांवरच्या मुंबईला गेलो, तेथे बॅलार्ड पिअरवर जहाजात बसलो, आणि दोन रात्री समुद्रावर काढून मुरगाव बंदरात उतरलो. आमच्या बार रूममधील एक ज्येष्ठ स्नेही ही हकीकत ऐकून म्हणाले, "द्राविडी प्राणायाम पुष्कळ ऐकला होता, पण तिकीट काढून केलेला आजच पाहिला." त्यांना उत्तर देणे त्या वेळी आम्हांला सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर समजण्यास हरकत नाही.

बेत मुलांचा. आमची कन्या महाविद्यालयात शिकते, चिरंजीव दहावीची परीक्षा जवळ आली असूनही निश्चिंत असतात. या दोघांनी दिवाळीच्या फराळाच्या वेळी ठराव मांडला की यंदाची सुटी जहाजावर घालवावी. आम्ही तो ठराव तीन मुद्द्यांवर फेटाळला. एक, खर्च, दोन, परीक्षा, तीन, इतके पैसे खर्चून पाण्यावर जायचे आणि पुन्हा जमिनीवरच यायचे, यात हशील काय? हे तिन्ही मुद्दे लेखी कैफियतीत शोभावेत असे होते आणि तिन्ही खोटे होते. खरा मुद्दा चौथा होता आणि तो आमच्या घरात कधीच मोठ्याने बोलला जात नसे. मुलांना बाजूला घेऊन आम्ही हळूच म्हणालो, "आजीचा विचार करा."

आजीचा विचार म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

१७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या. 'रामदास' ही आगबोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यासाठी निघाली. अमावास्येच्या सणासाठी अलिबागकडच्या आपापल्या गावी निघालेले चाकरमाने तीत खच्चून भरले होते. बंदराच्या तोंडाशी काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी ती एका बाजूला कलली, घाबरलेले उतारू दुसऱ्या बाजूला धावले, आणि थोड्याच वेळात बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबई शहराला कित्येक तास या घटनेचा पत्ताही नव्हता. काही माणसे पोहून किनाऱ्याला लागली, काहींना कोळ्यांच्या होड्यांनी वाचवले.

आमच्या आईचे वडील त्या बोटीवर होते. मुंबईत एका पेढीवर ते कारकून होते आणि अलिबाग तालुक्यातील आपल्या गावी निघाले होते. गावी आमची आजी पाच महिन्यांची गरोदर होती. नोव्हेंबरात मुलगी झाली. ती आमची आई.

आजोबांचे प्रेत सापडले नाही. आजीचे थोरले बंधू बेळगावात शाळामास्तर होते. ते येऊन बहिणीला आणि तान्ह्या भाचीला घेऊन गेले, आणि अशा रीतीने एका समुद्रकाठच्या घराची शाखा घाटमाथ्यावर रुजली. प्रेत सापडले नाही म्हणून आजीने कुंकू पुसले नाही. पुराव्याच्या कायद्याचे १०८ वे कलम (नव्या २०२३ च्या अधिनियमात ते १११ वे आहे) असे सांगते की, ज्याची बातमी ज्यांना स्वाभाविकपणे लागली असती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते. आमच्या शास्त्राचे माप याहून उदार आहे. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षे थांबावे असा प्रघात. आजी बारा वर्षे थांबली. १९५९ साली भावाने पालाशविधी करवला, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, आणि त्या दिवशी आजीने कुंकू पुसले. आई तेव्हा अकरा वर्षांची होती. वडील नावाच्या माणसाशी तिची पहिली भेट ही अशी, पानांच्या रूपाने झाली.

आजी आमच्या लहानपणी वारली, पण तिची दहशत घरात राहिली. आमच्या घरी कोणी पोहायला शिकले नाही. नारळी पौर्णिमेला नारळीभात होई, पण समुद्राचे नाव निघत नसे. आमची सासुरवाडी फोंड्याची. लग्नानंतर मिरामारला गेलो तेव्हा आम्ही घोट्याच्या वर पाण्यात शिरलो नाही, आणि सौभाग्यवतीने कारण विचारले तेव्हा पायजम्याची इस्त्री मोडेल असे सांगितले. वाडवडिलांची जमीन वाटपात जाते, दागिने लेकीसुनांकडे जातात, कर्जसुद्धा मुदतीच्या कायद्याने कधीतरी बाद होते. भीती मात्र आमच्याकडे अविभक्त राहिली होती. तिचा दस्त नव्हता, तिच्यावर मुद्रांक नव्हता, आणि तिचे कर्ते आम्ही होतो.

मुलांच्या ठरावाचा निकाल असा लागला म्हणून आम्ही निश्चिंत झालो. पण आमच्या कन्येने एक गोष्ट केली, जी पंचेचाळीस वर्षांत आम्हांला सुचली नव्हती. तिने प्रत्यक्ष आजीला विचारले.

आई वाल सोलत बसली होती. तिने वाल सोलणे थांबवले नाही. म्हणाली, "जाऊ या की. बोटीत बसायचं माझ्या फार मनात आहे."

आम्ही अवाक् झालो. "अगं, पण तुला समुद्राची..."

"मला?" आई म्हणाली. "भीती माझ्या आईला होती. मग तुला लागली. मला कोणी विचारलंच नाही कधी."

सत्त्याहत्तर वर्षांच्या साक्षीदाराने भर कोर्टात आपल्याच वकिलाविरुद्ध साक्ष द्यावी, तसा तो प्रसंग होता. उलटतपासणीला जागा नव्हती.

मग तयारी सुरू झाली, आणि आमच्या काळजीला नवे धुमारे फुटले. जहाजाच्या कंपनीचे नाव आम्ही देणार नाही. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. दुसऱ्याची फुकट करण्याचा पायंडा आम्हांला पाडायचा नाही. त्या कंपनीच्या तिकिटाबरोबर करारनाम्याची पाने आली, ती सामान्य माणूस वाचीत नाही. आम्ही दोनदा वाचली. त्यांत असे लिहिले होते की हवा, लाटा, संप, युद्ध, साथ किंवा कप्तानाचे मत यांपैकी कोणत्याही कारणाने जहाज ठरल्या बंदरी गेले नाही तर उतारूने तक्रार करू नये. आणि उतारूने मात्र वेळेवर यावे. एकूण करार असा की कंपनीने काय करावे हे कंपनीच्या मर्जीवर, आणि आपण काय करावे हे ठळक अक्षरांत. आमच्या अशिलाने असा करार सहीसाठी आणला असता तर आम्ही त्याला घरी पाठवले असते. घरच्या चार माणसांच्या देखत आम्ही निमूटपणे संमतीच्या चौकोनात खूण केली.

बोट लागू नये म्हणून काय करावे, यावर बेळगावात एकाही गृहस्थाला समुद्राचा अनुभव नसताना प्रत्येकाचे मत होते. कोणी आवळासुपारी सांगितली, कोणी सुंठ, कोणी पोट रिकामे ठेवा म्हणाले, कोणी भरलेले ठेवा. आमचे मेहुणे फोंड्याहून फोनवर बहिणीशी बोलत होते. त्यांना आमच्या शंका ऐकू गेल्या. ते मोठ्याने म्हणाले, "भावोजींक सांग, दर्याक भियेल्यार नुस्तें खंयसून मेळटलें?" युक्तिवाद बिनतोड होता, पण खाणाऱ्याने भ्यायचे की पकडणाऱ्याने, हा मुद्दा त्यात मोघम राहिला होता.

केबिन निवडताना आम्ही आतल्या बाजूची, खिडकी नसलेली निवडली. ती स्वस्त असते. आईला समुद्र सारखा दिसू नये हा उदात्त हेतू आम्ही घरात सांगितला.

आईने एकच वस्तू आपल्या पिशवीत घातली होती, ती आम्हांला बॅलार्ड पिअरवर कळली. मुंबईच्या याच बंदरातून १९३१ साली महात्माजी 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेला गेले, वगैरे माहिती आम्ही चिरंजीवांना देत होतो, तोच पुढे सामान तपासण्याच्या यंत्रापाशी गडबड झाली. आईच्या पिशवीतून नारळ निघाला होता. सोललेला, शेंडी ठेवलेला, हळदकुंकू लावलेला. तेथील माणूस मराठी होता आणि सभ्य होता. म्हणाला, "आजी, नारळ आत नेता येत नाही." बाजूच्या मेजावर लोकांकडून काढून घेतलेल्या वस्तू मांडल्या होत्या: दोन इस्त्र्या, एक विजेची किटली, लोणच्याची बरणी आणि काही बाटल्या, ज्यांच्याविषयी कोणी हक्क सांगत नव्हते. आम्ही पुढे सरसावलो. हा खाद्यपदार्थ नसून पूजाद्रव्य आहे, आणि नियमाच्या शब्दांत नारळाचा उल्लेख कोठे आहे ते दाखवा, अशी सुरुवात केली. जहाजावरून समुद्रात वस्तू टाकण्यावर आंतरराष्ट्रीय कराराने कडक निर्बंध आहेत हे आम्हांला ठाऊक होते. ते आम्ही अर्थातच सांगितले नाही.

आईने आमचा कोट मागून ओढला. "राहू दे रे. माणसं खोळंबली आहेत." आणि त्या माणसाला म्हणाली, "तुम्ही घरी न्या. वाया घालवू नका."

जहाज जवळून जहाज वाटतच नाही. अकरा मजल्यांची पांढरी इमारत चुकून पाण्यात बांधली असावी असे वाटते. आत शिरल्यावर तर समुद्राशी संबंधच तुटतो. गालिचे, आरशांचे जिने, दुकाने, वाद्यांचा गोंगाट. पण निघण्यापूर्वी एक विधी असतो, आणि त्या विधीत आम्हांला प्रथम कळले की आपण पाण्यावर आहोत. कर्ण्याचे सात आखूड आवाज आणि एक लांब. तो ऐकला की प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे, प्राणरक्षक जाकीट कसे बांधावे ते पाहायचे, आपली होडी कोणती ते समजून घ्यायचे. आमच्या आजूबाजूचे बहुतेक उतारू हे सर्व आपल्या मोबाइलमध्ये टिपून घेण्यात गर्क होते. आम्ही मात्र एकाग्र झालो होतो, कारण येथे आमचा विषय आला होता.

'टायटॅनिक' १९१२ साली बुडाले तेव्हा त्यावर बावीसशेहून अधिक माणसे होती आणि होड्यांत जागा होती ११७८ जणांना. पण कायदा मोडला होता असे म्हणता येत नाही. त्या वेळचा ब्रिटिश नियम जहाजाच्या आकारावरून होड्या मोजी, माणसांवरून नव्हे; त्या हिशेबाने सोळा पुरे होत्या आणि 'टायटॅनिक'वर वीस होत्या. कायद्याचे पालन करून, वर चार होड्या जास्त ठेवून, पंधराशे माणसे बुडाली. मग १९१४ साली राष्ट्रे एकत्र बसली आणि प्रत्येक जीवाला होडीत जागा हवी हे तत्त्व लिहिले गेले. आणि आम्ही ज्यात उभे होतो तो विधी? पूर्वी तो उतारू चढल्यापासून चोवीस तासांत केला तरी चाले. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या उतारूंना तो दाखवायचा राहिला होता. बत्तीस माणसे गेली. २०१५ पासून नियम झाला की निघण्यापूर्वी किंवा निघताच. कायद्याची पुस्तके आम्ही वीस वर्षे वाचतो आहोत. कलमाखाली कोण गाडले गेले आहे हे पुस्तकात छापलेले नसते.

आईने ते नारिंगी जाकीट दोन्ही हातांत धरून पाहिले. उलटसुलट केले. शिट्टी बांधली होती, ती बोटाने हलवून पाहिली. "तेव्हा होतं का रे हे?" तिने विचारले.

आम्हांला उत्तर देता आले नाही.

पाच वाजता दोर सुटले. छोट्या ओढबोटींनी जहाजाला धक्क्यापासून अलगद बाजूला केले, आणि मग त्याचे त्याने चालू लागले. वरच्या डेकवर नाचगाणे सुरू झाले होते. मुले तिकडे पळाली. सौभाग्यवती, आई आणि आम्ही खालच्या एका डेकवर, डाव्या अंगाच्या कठड्यापाशी राहिलो. तेथे गर्दी नव्हती, कारण ताजमहाल हॉटेल आणि गेटवे उजव्या बाजूला दिसतात आणि सर्वांना ते पाहायचे होते. डावीकडे घारापुरीचे डोंगर, उरण-करंजाचा किनारा आणि त्यापुढे धुरकट झालेली जमिनीची एक रेघ होती.

"रेवस कुठे आलं?" आईने विचारले.

आम्ही ती रेघ दाखवली.

"भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किती वेळ लागे?"

"दीडएक तास."

आईने मनगटावरचे घड्याळ पाहिले. तेथे एक खुर्ची होती ती ओढून घेतली आणि तीत बसली. शालीचे टोक डोक्यावरून घेतले. सौभाग्यवतीने आमच्याकडे पाहिले. आम्ही दोघेही जरा मागे सरून उभे राहिलो.

त्या दीड तासात काही घडले नाही. घडले असते तर लिहायला सोपे गेले असते. जहाज बंदराच्या तोंडातून बाहेर पडत होते. कुलाब्याच्या टोकापुढचा प्राँग्जचा दीपस्तंभ मागे पडला. परतणाऱ्या मासेमारी होड्या इतक्या लहान दिसत होत्या की त्यांत माणसे आहेत हे हात हालले तेव्हाच कळे. हवा गार झाली. पाण्याचा रंग गढूळ होता तो शिशासारखा झाला, मग त्यावर पश्चिमेकडचा तांबूस उजेड जहाजावरून पलीकडे पडू लागला. काशाचा खडक कोणत्या बाजूला असेल याचा आम्ही मनाशी अंदाज करीत होतो. आईने तो विचारला नाही. ती मधून मधून घड्याळ पाही आणि पुन्हा त्या रेघेकडे पाही. रेघेवर हळूहळू दिवे लागले. एकदा तिचे ओठ हालले असे वाटले. वारा होता. आम्ही जवळ गेलो नाही. जन्मात जिने कोणाला 'बाबा' म्हणून हाक मारली नाही, तिने ती तेथे मारली की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही आणि आम्ही ते विचारणारही नाही.

साडेसहा झाले. आई उठली. खुर्ची होती तेथे नीट ठेवली. "आता पोचले असते," ती म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "जेवण किती वाजता असतं इथे?"

जेवणाविषयी फार लिहीत नाही. इतके पदार्थ एका ठिकाणी आम्ही मोठ्या लग्नातही पाहिले नव्हते, आणि लग्नात यजमान निदान हात धरून थांबवतो. येथे थांबवणारे कोणी नसल्याने माणसे ताटात डोंगर रचीत होती. जैनांसाठी वेगळे मेज, शाकाहाऱ्यांसाठी वेगळे, आणि मासळीच्या मेजापाशी आमच्या सौभाग्यवतीने नाक मुरडले. समुद्राच्या मध्यभागी असून मासा बर्फातला होता.

रात्री दहाच्या सुमारास आम्हांला बोट लागली.

मराठी भाषेत हा प्रयोग विलक्षण आहे. बोट किनाऱ्याला लागते तसे नव्हे. ती माणसाला लागते. वास्तविक समुद्र शांत होता. पौषाच्या तोंडाला या किनाऱ्यावर लाटा नसतात, आणि अशा जहाजांना पोटाखाली माशाच्या परांसारखे पोलादी पंख असतात, ते डोलणे पुष्कळ कमी करतात, असे आम्ही निघण्यापूर्वी वाचलेही होते. पण खिडकी नसलेल्या खोलीत, जेथे डोळ्यांना क्षितिज दिसत नाही, तेथे डोळे सांगतात की सर्व स्थिर आहे आणि कान सांगतात की नाही. दोन साक्षीदारांचे जबाब जुळत नाहीत आणि पोट निकाल देऊन मोकळे होते. स्वस्त केबिनीतील उदात्त हेतू असा आमच्यावर उलटला. आवळासुपारी, सुंठ, रिकामे पोट, भरलेले पोट, सर्व उपाय एका तासात बाद झाले.

सौभाग्यवतीने घंटा वाजवली तेव्हा आमच्या मजल्याचा खोलीसेवक आला. त्याच्या छातीवरची नावाची पट्टी पाहून तिने कोंकणीतच सुरुवात केली. तो हसला. "हांव साश्टीचो, बाये," म्हणाला. "तुमी खंयच्यो?" फोंडा म्हणताच त्याने दार उघडे टाकून गोष्टींना सुरुवात केली. आम्ही या अवस्थेत असताना त्यांचे गणगोत जुळत होते. त्याचा आजा विलायती कंपनीच्या बोटीवर वाढपी होता, बापही बोटीवरच होता. "आमी तीन पिळग्यो तारवटी." मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावागावांचे कूड आहेत, त्याचा आजा पुढची बोट मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडात पथारी टाकून महिनोन्महिने राही. आमच्या घराण्याने ज्या पाण्याची तीन पिढ्या धास्ती घेतली, त्या पाण्यावर याच्या घराण्याने तीन पिढ्या पोट भरले होते.

मग त्याचे लक्ष आईकडे गेले. पिकलेले केस पाहून तो खाली वाकून म्हणाला, "मांय, भियेवं नाका. हें तारूं व्हडलें."

"मी कुठे भितेय, बाबा?" आई मराठीत म्हणाली. "भितो तो हा."

त्याने एक हिरवे सफरचंद आणि आल्याच्या खारवलेल्या कापांची एक पुडी आणून दिली, आणि आम्हांला डेकवर मधोमध, खालच्या मजल्यावर, क्षितिजाकडे तोंड करून बसवले. तेथे आम्ही मध्यरात्र उलटेपर्यंत बसलो. अंधारात क्षितिज दिसत नव्हते, पण खूप दूर, पूर्वेला, एक दिवा ठरावीक अंतराने उघडझाप करीत होता. कोणत्या बंदराचा ते कोणाला विचारावेसे वाटले नाही. सासरे सांगत की त्यांच्या लहानपणी याच वाटेने मुंबईहून पणजीला आगबोटी जात. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत, वळकटी पसरून डेकवर झोपायचे, आणि बंदर आले की खालून पडाव येऊन माणसे उतरवून नेत. पावसाळ्यात त्या बोटी बंद असत. त्या बोटींवर समुद्र विसरण्याची सोय नव्हती. आमच्या जहाजावर सर्व सोय तीच होती. दुसऱ्या दिवशी, जो संपूर्ण समुद्रावर गेला, आम्ही पाहिले की हजारांवर माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत जादूचे प्रयोग, पोहण्याचे हौद, जुगाराची यंत्रे आणि पुन्हा जेवण यांत मग्न होती, आणि कठड्याशी एका वेळी पाच-सहांहून अधिक कोणी नसे. समुद्रावर पोहण्याचा हौद! आमचे चिरंजीव त्यात कमरेइतक्या पाण्यात तीन तास उभे होते, आणि आम्ही काठावर त्यांचा टॉवेल घेऊन. दोघेही आपापल्या परीने इतिहास घडवीत होतो.

आई दुपारी हाऊजी खेळायला बसली आणि एक ओळ जिंकली. बक्षीस म्हणून जहाजाचे नाव लिहिलेली टोपी मिळाली. ती तिने घातली आणि संध्याकाळपर्यंत काढली नाही. त्या टोपीचे एक छायाचित्र कन्येने काढले आहे. आजीने ते पाहिले असते तर काय म्हटले असते, असा विचार आमच्या मनात आला, आणि तो आम्ही आईला बोलून दाखवला. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिला पण आणायला हवं होतं. बारा वर्षं वाट बघण्यापेक्षा एकदा येऊन बघून गेली असती."

तिसऱ्या दिवशी उजाडताना डाव्या हाताला काबोचे टोक आणि उजव्या हाताला मुरगावचा डोंगर दिसू लागला. उतरण्यापूर्वी बिल आले. जहाजावर रोख पैसा चालत नाही. गळ्यातल्या एका पत्त्यावर सर्व मांडले जाते, त्यामुळे खर्च झाल्याचे दुःख शेवटी एकदम होते. त्यात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे पैसे होते. चहूकडे पाणी असताना पाण्याला पैसे द्यावे लागले, यावर दोन शब्द बोलण्यासाठी आम्ही खिडकीपाशी रांगेत उभे राहिलो. पण पुढे चाळीस माणसे होती, त्यांतील निम्मे वकील नसूनही आमच्याहून चांगला वाद घालीत होते. आम्ही परत फिरलो.

मेहुणे धक्क्याबाहेर गाडी घेऊन उभे होते. त्यांनी आम्हांला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि काही विचारले नाही. बहिणीने आधीच फोन केला असावा. फोंड्याला मासळीचे जेवण झाले, ताजी मासळी, आणि तिसऱ्या प्रहरी आम्ही घरच्या वाटेला लागलो.

चोर्ला घाटाच्या चौथ्या की पाचव्या वळणावर आईने गाडी थांबवायला सांगितली. तिला मोटार लागली होती. रस्त्याच्या कडेला, टोपी एका हातात धरून, ती वाकून उभी राहिली, आणि सौभाग्यवती तिची पाठ चोळीत राहिली. दोन रात्री समुद्रावर जिला काही झाले नाही, तिला बेळगावच्या इतक्या जवळ येऊन हे व्हावे, याचे आम्हांला हसूही आले आणि बरेही वाटले. आम्ही खिशात हात घातला. साष्टीकराची आल्याची पुडी त्यात होती. तीन कापे उरली होती. आईने एक घेतले, दोन परत दिली.

"तुला लागतील," ती म्हणाली. "अजून पुष्कळ वळणं आहेत."